अपंगत्व असलेल्या मुलांपर्यंत वर्गातलं शिकवणं आणि साहित्य पोचवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक विचारतात, पालक विचारतात, कधी कधी विद्यार्थी स्वतःच विचारतात, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. सगळं एकदम वाचायची गरज नाही, तुमच्या वर्गात जे लागू आहे तिथून सुरू करा. फक्त एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती खाली सारखी येणार आहे: साहित्य मुलाच्या हातात कधी पडतं याला ते कसं आहे याइतकंच महत्त्व आहे. चाचणी झाल्यावर मिळालेलं ब्रेल पुस्तक कितीही सुंदर असलं तरी त्या चाचणीपुरतं ते मिळालंच नाही.

ऍक्सेसिबल किंवा सुगम साहित्य म्हणजे नेमकं काय?

बाकी वर्गाला जो धडा मिळाला तोच धडा, तेवढाच पूर्ण, त्याच दिवशी, आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी विनवणी न करता वापरता येईल अशा रूपात. यातलं एक जरी सुटलं तरी गाडी अडते. म्हणजे ऑडिओ दिला पण त्यात आकृत्या गाळल्या, तर तो धडा अर्धाच. सगळं दिलं पण दोन आठवड्यांनी दिलं, तर मूल दोन आठवडे नुसतं बसून होतं. मैत्रिणीने वाचून दाखवलं तर ठीक, पण मैत्रीण आजारी पडली की त्या दिवशी अभ्यास बंद, असं नको.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला, त्यातलं २४ वं कलम पूर्ण शिक्षणाबद्दल आहे आणि त्यात मुलाच्या गरजेनुसार वाजवी बदल करून देणं ही शिक्षणव्यवस्थेची जबाबदारी मानलीय. म्हणजे हा उपकार वगैरे अजिबात नाही, मुलाने त्यासाठी सतत आभारी राहावं अशी अपेक्षाही ठेवू नका.

आमच्या वर्गात असं कुणी नाहीच, मग आत्ता कशाला करायचं?

खात्री आहे? व्हीलचेअर दिसते, पांढरी काठी दिसते, पण डिस्लेक्सिया (अक्षरं वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण), एका कानाने कमी ऐकू येणं, रंग न ओळखता येणं, एपिलेप्सी (फिट येणं), लक्ष न टिकणं यातलं काहीच बघून कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, इतर ठिकाणी प्रमाण कमी आहे पण शून्य कुठेच नाही. बऱ्याच मुलांना स्वतःलाच माहीत नसतं, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं, असंच ऐकू येतं.

आणि समजा आज खरंच कुणी नाही, तर उद्या वर्षाच्या मध्यात कुणी आलं की तुम्ही सगळं साहित्य पुन्हा करायला बसणार का? तेव्हा वेळ नसतो, आणि तो वेळ नसण्याचा भुर्दंड मूल भरतं.

सुरुवात कुठून करू? एकदम सगळं जमणार नाही.

जमणार नाहीच, आणि तशी अपेक्षाही नाही. उद्यापासून जे नवीन बनवाल तेवढं नीट बनवा, जुन्याला नंतर हात घाला. टाइप करताना युनिकोड वापरा, म्हणजे कुठल्याही यंत्राला ती देवनागरी अक्षरं म्हणूनच ओळखता येतात. मथळ्याला हाताने ठळक आणि मोठं करण्यापेक्षा वर्डमधली हेडिंग स्टाइल लावा. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका, ओळींत मोकळी जागा ठेवा. फळ्यावर जे लिहिता ते लिहिता लिहिता मोठ्याने बोला, "हे बघा, इथून हे इकडे गेलं" असं म्हणण्यापेक्षा "डावीकडच्या संख्येतून तीन वजा केले" असं म्हणा. बोलताना तोंड वर्गाकडे. आणि नोट्स शिकवायच्या आदल्या दिवशी द्या, कारण ज्याला भिंगाने वाचायचंय, ज्याला मोबाइलकडून वाचून घ्यायचंय, ज्याला दुभाष्याबरोबर बसून नवीन शब्द बघून घ्यायचेत, त्या सगळ्यांना ही एक गोष्ट पुरते. मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी हीच आहे.

यापलीकडे एक काम आहे ते म्हणजे मुलाला विचारणं. "तुला कसं सोपं जातं?" एवढंच. लहान मुलंही सांगतात, आपण विचारत नाही.

स्क्रीन रीडर म्हणजे काय आणि त्याला माझी वर्कशीट का वाचता येत नाही?

स्क्रीन रीडर हा स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारा किंवा ब्रेल डिस्प्लेवर (टिंबं वर-खाली करून ब्रेल दाखवणाऱ्या यंत्रावर) पाठवणारा प्रोग्रॅम. विंडोजसाठी एनव्हीडीए फुकट आणि ओपन सोर्स आहे, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. एनव्हीडीए सोबत जो ईस्पीक नावाचा आवाज येतो तो मराठीही वाचतो, यांत्रिक वाटतो सुरुवातीला पण सरावलेली मुलं तो आपल्याला एक शब्दही कळणार नाही इतक्या वेगात ऐकतात.

आता वर्कशीट. तुम्ही "जोड्या लावा" दिलंय, डावीकडे हृदय, फुप्फुस, जठर आणि उजवीकडे श्वसन, पचन, रक्ताभिसरण, मधली जागा स्पेसबार दाबून दाबून सोडलीय. डोळ्यांना दोन रांगा दिसतात. स्क्रीन रीडर आडवं वाचतो: "हृदय श्वसन. फुप्फुस पचन. जठर रक्ताभिसरण." मुलाला वाटतं जोड्या दिल्यातच की, आणि त्याही चुकीच्या! यावर उपाय सोपा आहे, पहिली यादी एक, दोन, तीन करून पूर्ण द्या, मग दुसरी यादी अ, ब, क करून, आणि उत्तर "एक क" असं लिहायला सांगा.

रिकाम्या जागांचंही तसंच. आपण अंडरस्कोअर दाबून रेघ काढतो. सेटिंगप्रमाणे स्क्रीन रीडर एकतर "अंडरस्कोअर अंडरस्कोअर" करत बसतो नाहीतर ती रेघ सरळ गाळतो, मग ऐकू येतं "समुद्रसपाटीला पाणी अंश सेल्सिअसला उकळतं", प्रश्न कुठाय तेच कळत नाही. तिथे "रिकामी जागा" हे शब्दच लिहा.

हेडिंग स्टाइलचं कारणही इथेच आहे. एनव्हीडीएमध्ये वेबपेजवर एच हे बटण दाबलं की पुढच्या हेडिंगवर उडी मारता येते, वर्डमध्येही ब्राउझ मोड चालू केला की तसंच. आपण नजर फिरवून चाळतो, ही मुलं हेडिंगवरून उड्या मारत चाळतात. तुम्ही नुसतं बोल्ड केलं असेल तर उडी मारायला काही नाही, चाळीस पानं पहिल्या शब्दापासून ऐकायची.

आणि जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट! दिसायला देवनागरी, पण आतून तो कॉम्प्युटरसाठी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो, स्क्रीन रीडर तो कचराच वाचतो. अशा फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून एकदा तपासून घ्याव्या लागतात, विशेषतः जोडाक्षरं आणि रफार.

पीडीएफ दिली की झालं ना?

कोणती पीडीएफ त्यावर आहे. पुस्तकाच्या पानांचा मोबाइलने फोटो काढून बनवलेली पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं, त्यात वाचण्यासारखा मजकूरच नसतो. ओळखायची खूण म्हणजे त्यातला एखादा शब्द माउसने सिलेक्ट करून बघा, होत नसेल तर ती फाइल अंध मुलासाठी कोरी आहे. ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं प्रोग्रॅमकडून ओळखून घेऊन, मजकूर काढता येतो पण तो वाचून दुरुस्त करायला माणूस लागतोच.

वर्डमधून पीडीएफ करताना "सेव्ह ऍज" किंवा एक्स्पोर्ट वापरा, "प्रिंट टू पीडीएफ" नको, त्यात हेडिंग आणि चित्रांची वर्णनं गळून पडतात. खरं सांगू का, शक्य असेल तिथे वर्डची मूळ फाइलच द्या किंवा ईपब (डिजिटल पुस्तकाचा एक फाइल प्रकार) द्या, त्यात अक्षर मोठं केलं तरी ओळी नीट बसतात आणि मुलाला हवा तो फॉन्ट, हवा तो रंग लावता येतो.

चित्रांचं वर्णन किती आणि कसं लिहायचं?

आधी स्वतःला विचारा की हे चित्र इथे का आहे. शोभेला असेल तर ते शोभेचं म्हणून मार्क करा, वर्णन नको. शिकवायला असेल तर जे शिकवायचंय ते शब्दांत यायला हवं.

पाणी तापवल्याचा आलेख घ्या. बरेच जण ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राला जोडलेल्या वर्णनात) लिहितात "आलेख". बरं, पण कसला? असं लिहून बघा: "आडव्या अक्षावर वेळ मिनिटांत, उभ्या अक्षावर तापमान अंश सेल्सिअसमध्ये. रेषा २० अंशांपासून सरळ वर जाते, १०० अंशांना पोचल्यावर आडवी होते आणि शेवटपर्यंत आडवीच राहते." हे ऐकून मूल विचारू शकतं की उष्णता देत असतानाही तापमान वाढायचं का थांबलं, म्हणजे जो प्रश्न डोळस मुलाला पडायला हवा तोच. आलेखात बरेच आकडे असतील तर खाली साधा तक्ता द्या, तो सगळ्यांनाच आवडतो.

दोन सावधगिऱ्या. परीक्षेत वर्णनातून उत्तर फोडू नका, "बाण दाखवलेला भाग कोणता" असा प्रश्न असेल तर वर्णनात भागाचं नाव नको, जागा आणि आकार सांगा. आणि काही गोष्टी शब्दांनी पोचतच नाहीत. नकाशा, भूमितीची आकृती, पेशीची रचना हे बोटांनी कळायला हवं. स्वेल पेपर म्हणून एक कागद मिळतो, त्यावर काळ्या शाईत काढून गरम मशीनमधून काढला की काळ्या रेघा फुगून वर येतात. तो नसेल तर जाड दोरा, वाळूचा कागद, फेविकॉलची सुकलेली रेघ, यांनीही काम होतं. फक्त स्पर्शाच्या आकृतीत गर्दी नको, डोळ्याला पेलतं तेवढं बोटाला पेलत नाही, एका आकृतीचे दोन-तीन भाग करून द्या.

गणिताचं काय?

गणितात सगळ्यात जास्त मुलं मागे पडतात आणि त्यात त्यांची बुद्धी कमी असल्याचा काही संबंध नाही, साहित्यच पोचत नाही. "एक भागिले एक्स अधिक एक" हे ऐकून सांगा, छेदात नुसता एक्स आहे की एक्स अधिक एक? दोन्ही असू शकतं, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी. म्हणून बोलताना शेवटही सांगायचा: "अंश एक, छेद एक्स अधिक एक, अपूर्णांक संपला."

समीकरणाचा फोटो चिकटवू नका, वर्डचा इक्वेशन एडिटर वापरा, वेबवर असेल तर मॅथएमएल (वेबपेजवर गणित लिहायची पद्धत), म्हणजे स्क्रीन रीडरला आत जाऊन एकेक भाग वाचता येतो. ब्रेलमध्ये गणितासाठी वेगळे संकेत आहेत, त्यातला नेमेथ संकेत १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि तो करणारे अब्राहम नेमेथ स्वतः अंध होते, गणिताचे प्राध्यापक होते. अंध मुलाला "तू गणित सोडून दे, दुसरा विषय घे" असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. खालच्या वर्गांत टेलर फ्रेम (खाचांत खुंट्या बसवून गणित मांडायची पाटी) आणि अबॅकस अजूनही तितकेच कामाचे आहेत, कारण हातचा घेतलेला अंक कुठेतरी मांडून ठेवायला जागा लागतेच.

आता सगळं ऑडिओ मिळतं, मग ब्रेल शिकवायची गरज आहे का?

आहे, आणि हे मी ठासून सांगते. डोळस मुलांना आपण म्हणतो का की व्हिडिओ आलेत आता वाचायला शिकू नका? ऐकून गोष्ट कळते, पण शब्द कसा लिहायचा, ऱ्हस्व की दीर्घ, स्वल्पविराम कुठे, परिच्छेद कुठे तुटला, हे बोटांखालीच कळतं. मध्येच थांबून मागची ओळ पुन्हा वाचणं, भाषण हातात धरून करणं, स्वतःच्या डब्यावर नाव लावणं, ब्रेल येत असेल तर हे सगळं होतं.

लुई ब्रेल यांनी सहा टिंबांची पद्धत १८२४ च्या सुमारास बसवली तेव्हा ते १५ वर्षांचे होते. सहा टिंबांतून ६३ आकृत्या होतात आणि जगातल्या बहुतेक लिप्या त्यात बसवल्या गेल्यात. ब्रेलची पाटी (कागद धरणारी खाचांची चौकट) आणि स्टायलस (टोचणी) यांनी लिहिताना मूल उजवीकडून डावीकडे टोचत जातं, कारण कागद उलटल्यावर टिंबं वर येतात आणि वाचायचं डावीकडून उजवीकडे. म्हणजे प्रत्येक अक्षर लिहिताना आरशातलं, वाचताना सरळ. एवढं करणाऱ्या मुलाला लिहायला वेळ लागतो म्हणून रागावू नका. चूक दुरुस्त करणंही कटकटीचं असतं, टिंब बोटाने दाबून सपाट करावं लागतं, त्यामुळे पुढे ब्रेल टाइपरायटर किंवा ब्रेल डिस्प्ले मिळाला तर फारच उत्तम.

कमी दिसणाऱ्या मुलाला पान मोठं करून झेरॉक्स दिलं तर चालेल ना?

तात्पुरतं चालेल. पण झेरॉक्सने कागदही मोठा होतो, बाकावर मावत नाही, रेघा धुरकट होतात. मजकूर १८ पॉइंट किंवा त्याहून मोठा करून पुन्हा नेहमीच्या आकाराच्या कागदावर छापला तर ते मूल वर्गात वेगळं उठून दिसत नाही आणि अक्षरही स्वच्छ राहतं.

सगळ्यांना मोठंच लागतं असंही नाही. काहींची नजर नळीतून बघितल्यासारखी मधल्या भागापुरतीच असते, त्यांना फार मोठं अक्षर दिलं तर एका वेळी दोनच अक्षरं दिसतात, वाचन उलट मंदावतं. काहींना प्रखर उजेडाचा त्रास होतो, त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवा. रंगांचं म्हणाल तर वेब साहित्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पिवळ्या मार्करने पांढऱ्या बोर्डवर लिहिलेलं यात कधीच बसत नाही. आणि "लाल रंगातले शब्द पाठ करा" असं नको, लाल असू दे पण अधोरेखितही करा.

मुलाला हिअरिंग एड आहे, मग ऐकू येतच असेल ना?

हिअरिंग एड म्हणजे चष्मा नव्हे. तो आवाज मोठा करतो, पण बाक सरकल्याचा, पंख्याचा, शेजारच्या वर्गाचा आवाजही मोठा करतो. शिक्षक जवळ असतात तोवर बरं चालतं, अंतर वाढलं की शब्द गोंगाटात विरतात. म्हणून शिक्षकाच्या गळ्याशी छोटा माइक आणि मुलाच्या मशीनमध्ये थेट आवाज, असा रिमोट माइक किंवा एफएम सिस्टिम असेल तर फरक लगेच कळतो. तो माइक वर्गातल्या इतर मुलांनी उत्तर देतानाही हातात घ्यायला हवा, नाहीतर या मुलाला फक्त प्रश्न ऐकू येतात, उत्तरं नाही. ती पद्धत लावणं जमत नसेल तर तुम्ही उत्तर पुन्हा म्हणा.

ओठ वाचण्यावर फार भरवसा ठेवू नका. आरशासमोर आवाज न काढता "पाल, बाल, माल" म्हणून बघा, तिन्ही वेळा ओठ अगदी सारखेच हलतात. बराचसा भाग मूल अंदाजाने भरतं आणि दिवसभर तसं करून प्रचंड दमतं, दुपारी त्याचं लक्ष उडालं तर तो आळस नसतो.

सांकेतिक भाषेत शिकणारं मूल असेल आणि दुभाषी असतील तर बोलायचं मुलाशी, "त्याला सांगा" असं दुभाष्याला म्हणायचं नाही. सांकेतिक भाषांना स्वतःचं व्याकरण असतं, बोललेल्या वाक्याच्या शब्दामागे शब्द असं ते चालत नाही, त्यामुळे दुभाषी तुमच्या दोन-तीन सेकंद मागे असतात. तुम्ही फळ्यावर बोट ठेवून "हा कोन" म्हणालात आणि लगेच पुढे गेलात तर मुलाची नजर दुभाष्यावरून फळ्यावर येईपर्यंत बोट हललेलं असतं. आधी बोला, थांबा, मग दाखवा. आणि मूल एकाच वेळी दुभाष्याकडे बघून वहीत लिहू शकत नाही, हे तर साधं आहे पण नेमकं हेच विसरलं जातं. नोट्स आधीच द्या, इथेही तेच.

व्हिडिओला आपोआप येणारी कॅप्शन पुरतात का?

कच्चा मसुदा म्हणून ठीक. नावं, संज्ञा, आकडे यात ती हमखास चुकतात आणि धड्यात महत्त्वाचं तेच असतं. डाउनलोड करून दुरुस्त करा, बोलणारा बदलला तर लिहा, "काच फुटल्याचा आवाज" असे आवाजही लिहा. व्हिडिओत शांतपणे नुसता प्रयोग दाखवला असेल तर न दिसणाऱ्या मुलासाठी काय घडतंय ते बोलून भरा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी दृश्यं वापरू नका, त्याने काही मुलांना फिट येऊ शकते.

डिस्लेक्सियासाठी खास फॉन्ट मिळतो म्हणे, तो लावला की पुरे?

खास फॉन्टनी वाचन सुधारतं याला अभ्यासांतून फारसा भक्कम आधार मिळालेला नाही, एखाद्या मुलाला तो आवडत असेल तर जरूर वापरू दे. अक्षरांत आणि ओळींत जास्त जागा, छोटे परिच्छेद, डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळी सोडलेली बाजू, तिरकं अक्षर टाळणं, हे जास्त कामाचं. सगळ्यात जास्त मदत होते ती ऐकता ऐकता वाचण्याची, म्हणजे मोबाइल वाचतोय आणि वाचला जाणारा शब्द उजळतोय अशी सोय.

आणि कृपा करून न सांगता अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. वाचायला द्यायचंच असेल तर कोणता परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा. इतिहासाच्या उत्तरात इतिहासाचे गुण द्या, शुद्धलेखनाचे वेगळे ठेवा.

लक्ष न टिकणारी, ऑटिझम असलेली मुलं, यांच्यासाठी साहित्यात काय बदलायचं?

सूचना एकेक द्या आणि लिहूनही द्या. "वही काढा, तारीख टाका, मागचं पूर्ण करा आणि झालं की दहावं पान बघा" यातलं शेवटचंच डोक्यात राहतं. पानावर कमी गोष्टी, एका पानावर तीन गणितं दिली आणि बाकीची पुढच्या पानावर, तरी काम होतं. दिवसाचा क्रम फळ्यावर कोपऱ्यात, आणि बदलणार असेल तर आधी सांगायचं, कारण बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना बदलापेक्षा न सांगता झालेल्या बदलाचा त्रास असतो. "जरा नीट बस" यातून काय करायचं ते कळत नाही, "पाय खाली ठेव आणि वहीकडे बघ" हे कळतं. गोंगाट सहन होत नसेल तर कानावर हेडफोन लावून लिहू दे. डोळ्यात डोळे घालून बघण्याची सक्ती नको, न बघताही ते ऐकत असतात.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दुसरंच काहीतरी रंगवायला देऊन कोपऱ्यात बसवलं जातं, ते थांबवा. विषय तोच ठेवा, ध्येय कमी ठेवा. वर्ग पावसाच्या चक्राची पाच टप्प्यांची आकृती काढतोय तर त्याने तीन चित्रं क्रमाने लावावीत, खाली छोटी वाक्यं.

हात नीट चालत नाहीत किंवा व्हीलचेअरवर आहे, मग?

जाड पकडीची पेन्सिल, कागद बाकाला चिकटपट्टीने लावणं, तिरका फळीवजा स्टँड, इथून सुरुवात होते. पुढे टायपिंग, बोलून टाइप करणं, स्क्रीनवरचा कीबोर्ड. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज चालू होतं, मग एका बोटानेही कंट्रोल आणि दुसरं बटण एकामागून एक दाबून काम होतं. पुस्तकाचं पान उलटता येत नसेल तर डिजिटल पुस्तक.

रॅम्प एकास बारा उताराचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब. त्याहून तीव्र असेल तर तो ढकलणाऱ्याच्या ताकदीवर चालतो, मुलाच्या नाही. प्रयोगशाळेतलं टेबल उंच असेल तर एक टेबल खाली घ्या, खाली गुडघे जायला जागा ठेवा. "तू बस, बाकीचे करतायत ते बघ" हे प्रयोग शिकणं नाही.

बोलायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी थांबा, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर सगळ्याच मुलांची उत्तरं लांब आणि चांगली होतात.

जास्त वेळ, लेखनिक, वेगळा पेपर, हा बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?

परीक्षा काय मोजतेय ते आधी ठरवा. भूगोलाचा पेपर भूगोल मोजतो, हाताचा वेग मोजत नाही. मग हाताचा अडथळा बाजूला केला तर भूगोलच उरतो, कुणाचा तोटा झाला? पण वाचनाचीच चाचणी असेल तर उतारा वाचून दाखवणं चालणार नाही, कारण मग मोजायची गोष्टच निघून जाते. ही एक कसोटी लावली की बहुतेक वाद मिटतात.

लेखनिक परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटला तर दोघांचेही हाल. तोंडी सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, "नवा परिच्छेद", "त्रिकोण एबीसी काढ, पाया एबी" हे सरावाने येतं, वर्षभरातल्या छोट्या चाचण्यांना तीच सोय द्या. उलट स्वतः लॅपटॉपवर लिहू शकणाऱ्या मुलावर लेखनिक लादूही नका.

पुस्तक स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटचं काय?

यासाठीच २०१३ साली माराकेश करार झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे. ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे अंध, कमी दिसणाऱ्या आणि छापील वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी सुगम प्रत बनवायला सवलत ठेवावी लागते. डिस्लेक्सिया असलेले आणि हाताने पुस्तक धरू न शकणारेही यात येतात. ही प्रत त्या मुलांपुरतीच, सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकायची नाही. त्याआधी प्रकाशकाकडे मूळ फाइल मागून बघा, आणि तुमच्याकडच्या ऑनलाइन सुगम ग्रंथालयात ते पुस्तक कुणी आधीच केलंय का ते शोधा, तेच काम दोनदा करण्यात अर्थ नाही.

एवढं करायला वेळ कुठाय शिक्षकाकडे?

रास्त प्रश्न आहे, आणि एकट्या शिक्षकावर हे टाकणं चूकच आहे. शाळेने वर्ष सुरू होण्याआधी पुस्तकांची यादी पक्की केली तर ब्रेल आणि मोठ्या अक्षरांच्या प्रतींना महिने मिळतात, जून उजाडल्यावर यादी आली तर कुणी कितीही धावलं तरी उशीरच. एकाच विषयाच्या शिक्षकांनी धडे वाटून घ्या, एकदा नीट केलेली फाइल पुढची कित्येक वर्षं चालते. विशेष शिक्षक असतील तर त्यांना पुढच्या पंधरवड्याचं नियोजन आधी द्या. त्यांना सकाळी सांगून दुपारी मागू नका.

वर्डच्या ऍक्सेसिबिलिटी चेकरने सगळं ठीक दाखवलं, म्हणजे झालं?

चेकर जरूर चालवा, रिव्ह्यू टॅबमध्ये असतो. पण चित्राला वर्णन आहे एवढंच त्याला कळतं, हृदयाच्या चित्राला "इमेज २" असं लिहिलं तरी तो खूश. म्हणून माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डने फाइल किंवा क्विझ पूर्ण करून बघा, मग स्क्रीन बंद करून स्क्रीन रीडरने पाच मिनिटं ऐका. शेवटची तपासणी ज्याच्यासाठी केलंय त्याच्याकडूनच, आणि त्याने "नीट नाही" म्हटलं तर चेकर काहीही म्हणू दे, नीट नाही.

मुलगी आधी सगळ्या सोयी वापरायची, आता नको म्हणते. काय करू?

बारा-तेरा वर्षांच्या आसपास हे खूप होतं. माइक गळ्यात घालताना सगळ्यांनी वळून बघणं, "तिचा पेपर वेगळा आहे" असं वर्गात मोठ्याने सांगणं, एकटीलाच वेगळ्या खोलीत बसवणं, या गोष्टी मुलं विसरत नाहीत. आधी हे बंद करा, तिच्या गरजेबद्दल जे बोलायचं ते एकटीशी, वर्गासमोर कधीच नाही. मग एकांतात विचारा की नेमकं काय नकोय, सोय नकोय की ती ज्या पद्धतीने मिळते ते नकोय. बहुतेक वेळा दुसरंच असतं. मोठं भिंग नको असेल तर सगळ्यांकडे असतो तसा टॅब चालेल, मोठ्या अक्षराची फाइल सगळ्या वर्गालाच पाठवता येईल म्हणजे कुणी काय उघडलं ते कुणाला कळणार नाही. समवयस्क किंवा थोडे मोठे, हीच साधनं वापरणारे विद्यार्थी तिला भेटले तर आपल्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोग होतो. आणि तरीही नको म्हणाली तर महिनाभर तिच्या पद्धतीने चालू द्या, सोय बंद न करता तशीच ठेवा, गुण आणि थकवा दोन्हींकडे लक्ष ठेवा, आणि महिन्याने पुन्हा बसून तिच्याशी बोला.